चौदाव्या दिवशीच्या पोळ्या

जळगाव, ता. १८ मार्च १९२९

ती. अक्कास,

धाकट्या अभिमनचा वाकून नमस्कार. आम्ही इथे सगळे ठीक. तुझी खुशाली कळवावी.

हे पत्र गावचे तोताराम मास्तर तुला वाचून दाखवणार, तेव्हा आधी त्यांना रामराम. मास्तर, शाळा सुटल्यावर सवडीनं वाचा. आमची अक्का ऐकता ऐकता मध्येच उठून कामाला लागते, तिला जरा बसवून ठेवा.

अक्का, अखाजी दोन महिन्यांवर आली. मागच्या अखाजीला तू आली नाहीस. तुला आणायला धुळ्यापर्यंत माणूस पाठवला होता, तो रिकाम्या हातांनी परत आला. अखाजीला, अक्षय्यतृतीयेला, खानदेशात लेकीबाळी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि आमच्याच दारातला निंब झोक्यावाचून उभा. शेजारच्या सुगराबीसुद्धा विचारतात, "अक्का नहीं आई क्या?" मी सांगतो, शेतीची कामं आहेत. दर वेळी तेच सांगतो, आता त्याही विचारायच्या थांबल्या आहेत.

एक आनंदाची गोष्ट. कोर्टात मी हंगामी होतो तो आता कायम भाषांतरकार झालो. इंग्रजी कागदाचं मराठी करायचं आणि मराठीचं इंग्रजी, काम तेच, पण आता खुर्चीला हात आहेत. तुझ्या वहिनीनं, कमलबाईनं, गल्लीत पेढे वाटले. तुझ्या वाटणीचे काढून ठेवले होते, ते मुंग्यांनी खाल्ले.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या कोर्टात जे झालं ते कायद्याला धरून झालं. ते मनात धरून बसू नये. आपलेच दात आपलेच ओठ. दाजींचाही राग आता निवळला असेल. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अभिमन


जळगाव, ता. २४ एप्रिल १९२९

ती. अक्कास नमस्कार.

तुझं उत्तर नाही, पण मास्तरांचं कार्ड आलं. पाच ओळींचं. ऑफिसात वाचलं, घरी येऊन वाचलं, कमलबाईला दाखवलं नाही.

सुकदेवनं तुला दिवाळीतच घराबाहेर काढलं आणि मला ते एप्रिलात कळतं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, अशी बाई शेताला काय कामाची, म्हणून त्यानं दुसरी आणली. तू भागाबाईच्या पडवीत राहतेस. आणि मी शहाणा मार्चमध्ये त्याला नमस्कार कळवतो. मास्तर, तो तुम्ही वाचलात की गाळलात? गाळला असेल तर तुमचं भलं होवो.

पोटगीचा अर्ज केलास तेही कार्डातच कळलं. खरं सांगू, आधी मला रागच आला. सख्खा भाऊ कोर्टात भाषांतरकार, आणि बहीण अर्ज लिहून घेते शाळामास्तरांकडून. दिवसभर घुश्श्यात होतो. दुपारी एका कारकुनावर उगाच खेकसलो. संध्याकाळी घरी चालत येताना वाटलं, की तू मला विचारायचं तरी कोणत्या तोंडानं, आणि मी सांगणार कोणत्या तोंडानं.

असो. कायद्याचं सांगतो, ते नीट ऐक.

पिनल कोडात इंग्रजी शब्द आहे, हर्ट. कोणी कोणाच्या शरीराला वेदना दिली, रोग दिला, दुबळेपणा आणला, की ते झालं हर्ट. आम्ही त्याचं मराठी करतो दुखापत. तिच्यावरची पायरी म्हणजे ग्रीव्हस हर्ट, जबर दुखापत. साध्या दुखापतीला दंडावर सुटता येतं, जबरीला माणूस तुरुंगात जातो. जबर कशाला म्हणायचं त्याचे आठ प्रकार कायद्यानं नेमून दिले आहेत. सात तर डोळ्यांना दिसतात. हाड मोडलं, दात पडला, डोळा गेला, चेहरा कायमचा विद्रूप झाला, असे. तुझं हाड मोडलं नव्हतं. बैल सुटून शेजाऱ्याच्या मळ्यात गेला एवढ्यावरून सुकदेवनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं, पण हाड तेवढं वाचलं. डॉक्टरनं लिहिलं, खांद्याला सूज, आतून इजा, अस्थिभंग नाही. म्हणजे तुझ्यासाठी उरला आठवा प्रकार. माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत असला किंवा वीस दिवस त्याला रोजचं कामधाम करता आलं नाही, तर ती जबर.

आता वेदना कागदावर कशी दाखवणार? म्हणून कोर्ट काम बघतं. बाई उठली का, चूल पेटवली का, पाणी भरलं का.

हे सगळं मी तुला धुळ्याच्या इस्पितळात खाटेशी बसून सांगितलं होतं. बोटं मोजून सांगितलं, अक्का, वीस दिवस तू ताटसुद्धा उचलायचं नाहीस. तू म्हणालीस, "वीस दिन माले कोन बसू दी?" मी म्हणालो, मी बसू देईन, माझ्या घरी चल.

आता जपायचं ते असं. सुकदेवचा वकील जुना निकाल बाहेर काढणार. "साधी दुखापत" एवढा शिक्का त्यावर आहे, आणि तो शिक्का माझ्या जबानीवर बसलेला आहे. म्हणून तू तारीख पुढे मागून घे. दरम्यान सिव्हिल सर्जनकडून हाताचं नवं सर्टिफिकेट काढ. सर्टिफिकेटाची नक्कल मला पाठव, इंग्रजी मी तपासून देईन.

तुझा,
अभिमन


जळगाव, ता. १३ मे १९२९

मास्तर, हे पत्र अक्काला एकटीला वाचून दाखवा. भागाबाई असतील तर त्यांना काही निमित्तानं बाहेर पाठवा. तुम्हीसुद्धा वाचून विसरलात तर मी जन्मभर तुमचा ऋणी राहीन. दुसरा इलाज असता तर हे तुमच्या तोंडून जाऊ दिलं नसतं.

अक्का,

काल अखाजी झाली. कमलबाईनं तव्यावर लहान लहान पोळ्या केल्या. खापर माळ्यावरच राहिलं. मी रस-पोळी पुढ्यात घेऊन बसलो आणि मोडलेला घास परत ताटात ठेवला. कमलबाई म्हणाली, "पोळी चांगली नाही झाली का?" चांगली झाली होती.

दोन वर्षं मी स्वतःशीसुद्धा जे धड बोललो नाही ते आज लिहितो.

आमचे शिरस्तेदार साहेब कोकणातले. खापरावरची पोळी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. मी ऑफिसात बढाया मारायचो, माझी बहीण हातावर पोळी अशी फिरवते की ती कोपरापर्यंत जाते, मग उपड्या खापरावर टाकते, फाटत नाही, डाग पडत नाही. साहेब हसायचे. म्हणायचे, "अभिमनराव आम्हाला मनातले मांडेच खाऊ घालतात." चार वर्षं हे चाललं. सगळं ऑफिस हसायचं. भाषांतरकाराची जागा रिकामी होणार होती आणि शिफारस साहेबांच्या हातात होती. म्हणून मार्चमध्येच मी त्यांना अखाजीचं आमंत्रण देऊन बसलो होतो. तुला मार बसला त्याच्या महिनाभर आधी.

मग तू माझ्या घरी आलीस, हात गळ्यात बांधलेला. आणि अखाजी आली त्या वीस दिवसांतल्या बरोबर चौदाव्या दिवशी.

मी आमंत्रण मोडू शकत होतो. बहीण आजारी आहे, एवढे तीन शब्द. चिठ्ठी लिहिलीही होती. फाडून टाकली. वाटलं, पुन्हा हसतील, मनातले मांडे. कमलबाईला खापरावरची पोळी जमत नाही हे तुला माहीतच आहे. मी सकाळी तुझ्या खाटेशी येऊन बसलो. तोंडानं "पोळ्या कर" म्हणालो नाही. मी म्हणालो, "साहेब येणार आहेत, आता काय करायचं बुवा." एवढं बोलून तिथेच बसून राहिलो. तू माझ्याकडे पाहिलंस, गळ्यातली झोळी सोडलीस आणि कमलबाईला म्हणालीस, "कनिक भिजाड."

बारा पोळ्या. पहिली फिरवताना तू पदर दातांत धरलास. मी दाराशी उभा होतो. तिसऱ्या पोळीला सुगराबी आल्या, तुझा हात बघून माझ्यावर ओरडल्या, "अभिमनभाऊ, औरत का हाथ सूजा है, दिखता नहीं क्या?" मी त्यांना म्हणालो, अक्काला हौस आहे. हौस, असा शब्द वापरला. त्या बाईनं त्या दिवसापासून माझ्या घरचं काही खाल्लेलं नाही.

आणि पोळ्या चालू असतानाच सुकदेवचा भाऊ चिंधा तडजोडीचं बोलायला धुळ्याहून आला. अखाजीला दारी आलेला माणूस उपाशी परत लावत नाहीत, मग तो वैरी का असेना. त्यालाही पाट मांडला. साहेबांच्या पंगतीला बसून त्यानं तुझ्या हातच्या दोन पोळ्या खाल्ल्या, तुला चुलीपुढे पाहिलं, आणि कोर्टात जाऊन ते सांगितलं. खोटं नाही सांगितलं. खोटं मी सांगितलं.

सुकदेवच्या वकिलानं मला विचारलं, "चौदाव्या दिवशी बाईनं खापरावरच्या पोळ्या केल्या हे खरं?" खरं. "तिला कोणी सांगितलं?" मी शपथेवर म्हणालो, "कोणी नाही. तिच्या मर्जीनं उठली." "पाहुणा कोण होता?" "घरचीच माणसं." साहेबांचं नाव कागदावर आलं असतं तर माझी शिफारस तिथेच बुडाली असती. "तिला त्रास होतोय असं दिसलं?" मी म्हणालो, "तसं ती काही बोलली नाही." पोळ्या झाल्यावर तू भिंतीला टेकून बसलीस आणि दोन दिवस तो हात उशीवर ठेवून होतीस, ते सांगितलं नाही.

नंतर तुला मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, बाई, तुमच्यावर कोणी बळजबरी केली होती का. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "नही." त्या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली. म्हटलं, अक्काच नाही म्हणाली, मग मी कशाला मनाला लावून घेऊ.

साधी दुखापत. दंड. सुकदेव संध्याकाळी मोकळा. पंच मंडळी म्हणाली, कोर्टच म्हणतं साधी आहे, मग बाईनं नांदायला जायला काय हरकत. तू गेलीस. टांग्यात बसताना मी तुझी पिशवी उचलायला गेलो, तर ती तू डाव्या हातानं ओढून घेतलीस.

मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द नाही. इतके शब्द या हाताखालून जातात, दुसरा सापडत नाही.

अभिमन


जळगाव, ता. ५ जून १९२९

ती. अक्कास नमस्कार. खुशाली कळवावी.

मागच्या पत्राला उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ते पत्र म्हणजे नुसती नाटकी रडारड ठरेल.

३० मेला धुळ्याला तुझी तारीख होती ती मला ठाऊक होती. मी रजा काढली. सहा ओळींचा अर्ज लिहिला, की सन १९२७ मधल्या खटल्यात मी खोटी जबानी दिली, बहिणीला मीच कामाला उठवलं, त्यामुळे तिचा हात गेला. इंग्रजीत लिहिला, चार वेळा पक्का केला. शेवटच्या वेळी फक्त अक्षर चांगलं यावं म्हणून. माणूस असाही असतो.

पहाटेची गाडी धरली. चाळीसगावला उतरलो. धुळ्याची गाडी लागलेली होती. अक्का, मी फलाटावर बाकावर बसलो. खोट्या जबानीला सात वर्षांपर्यंत सजा आहे, ते कलम मी स्वतः मराठीत उतरवलेलं आहे. नोकरी जाणारच. मुलगा इंग्रजी तिसरीत आहे. कमलबाईला यातलं काही ठाऊक नाही. आणि मनात आलं, सुकदेवचा वकील तारीख मागणारच, ते लोक पहिल्या तारखेला कधी उभे राहतात का. आज गेलो काय, पुढच्या वेळी गेलो काय. धुळ्याची गाडी सुटली तेव्हा मी उठून उभासुद्धा राहिलो नाही. एका फळवाल्याकडून सहा केळी घेतली, तीही तिथेच विसरलो, आणि परतीच्या गाडीनं संध्याकाळी घरी आलो. कमलबाई म्हणाली, काम झालं का. मी म्हणालो, तारीख पडली.

पुढच्या तारखेला मी नक्की येईन. अर्ज कोटाच्या खिशात तसाच आहे. एवढं कर, तारीख कोणती पडली ते मास्तरांकडून कळव. नव्या सर्टिफिकेटात "कायमचे अपंगत्व" हे शब्द आले पाहिजेत, ते डॉक्टरला सांग. नुसतं "हालचाल कमी" लिहिलं तर त्याचा उपयोग होणार नाही.

तुझा,
अभिमन


मुक्काम गावी, ता. १२ जून १९२९

रा. रा. अभिमनराव यांस तोताराम मास्तरांचा रामराम. भिकुबाईंनी सांगितले तसेच, त्यांच्याच बोलीत उतरले आहे. मी एक शब्द घातला नाही व गाळला नाही. तुमच्या मार्चच्या पत्रातला नमस्कारही मी गाळला नव्हता.

अभिमन,

तुन्हा पत्रं मास्तरनी वाची दखाडात. बठ्ठा वाची दखाडात, एकबी गाळं नही. भागाबाईबी व्हती, मीच तिले बसाडं. तू तिले भायेर काढ म्हनस, आनी मी तिन्हाच घरमा र्‍हास.

तारीख पुढे गई नही. तीस तारीखलेच मन्ही जबानी झाई. सुकदेवना वकीलनी तुन्हं जुनं बोलनं वाचं. साहेबनी माले इचारं, बाई, हाई खरं शे का? मी सांगं, नही. साहेबनी इचारं, मंग तव्हा तुम्ही काबर नही म्हनं, कोनी जबरदस्ती करी नही म्हनीसन? मी सांगं, मन्हा भाऊ तठे उभा व्हता. त्यानी नोकरी जाई म्हनीसन मी खोटं बोलनी. साहेब म्हने, शपथ लीसन खोटं बोलनं गुन्हा शे. मी म्हनं, व्हय, तेबी लिखी ल्या.

आते तुले समन्स येई. तठे काय सांगानं ते तुन्हं तू ठराव. नही सांगं तरी चाली. मन्हं मी सांगी टाकं. मन्हाकरता सांगस असं मातर कोनले म्हनू नको.

अखाजीले माले बलावू नको. सुगराबीले मन्हा सलाम सांग. तिनी रातले चोरीसन मन्हा हातले तेल लायं व्हतं, ते तुले माहीत नही.

तुन्हा पत्रं मी कान दीसन आयक्यात. वीस दिन, आठवा परकार, सर्टिफिकेट. तुले त्या इंग्रजी शब्दना बठ्ठा अर्थ येतस. खुशाली कळव लिखस, अर्ज कसा लिखा ते लिखस, तुले कितली लाज वाटस तेबी लिखस. दोन वरीस झायात, माले तू एकदाबी इचारं नही, अक्का, हात दुखस का.

दुखस. रोज दुखस. केस इचराले हात वर जात नही, भागाबाई इचरी देस.

भिकुबाई